वहीतला शेवटचा रकाना

आमच्या घरात पहिला समुद्री मासा आला, तेव्हा टाकीत पाणी भरून ६६ दिवस झाले होते. आषाढी एकादशीला टाकी भरली आणि अनंत चतुर्दशी उलटल्यावर मासा आला. मधल्या काळात दूधवाल्यापासून गणपतीला आलेल्या आतेसासूबाईंपर्यंत प्रत्येकाने काचेत वाकून पाहिलं आणि विचारलं, "मासे कुठायत गं?" मासे नव्हते. पण टाकी रिकामीही नव्हती, आणि ते मला स्वतःला नीट कळायलाच महिनाभर लागला.

हे सगळं सुरू झालं तारकर्लीहून. मे महिन्यात मालवणला गेलो होतो, तिथे स्नॉर्केलिंग करताना लेकीने पट्टेपट्टे असलेले सार्जंट मेजर मासे पहिल्यांदा पाहिले. परत आल्यावर महिनाभर तिच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. मला माझं लहानपण आठवलं. दर सुट्टीत बाबा आम्हाला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे आणि मी समुद्री माशांच्या काचेपुढून हलायचे नाही. घरी गप्पी आणि गोल्डफिश पाळून झाले होते, पण खाऱ्या पाण्याच्या वाटेला कधी गेले नव्हते. या वेळी जायचं ठरवलं.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्यांनी ऐकल्याबरोबर पहिला प्रश्न वजनाचा काढला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे काठोकाठ भरली तर १९० लिटर. खाली छोटा सम्प, म्हणजे पाणी गाळायची टाकी. पाणी, वाळू, दगड, दहा मिलिमीटरची काच आणि स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या घरात. ठाण्याच्या वर्तकनगरमधली आमची इमारत जुनी आहे. हॉलच्या मधोमध ठेवायची माझी हौस अप्पांनी तिथेच थांबवली. बीम जातो त्या भिंतीलगत लोखंडी अँगलचा स्टँड बनवून घेतला आणि वर कडप्पा टाकला. प्लायवूडच्या स्टँडला खारं पाणी लागलं की तो वर्षभरात फुगतो, हे त्यांना एका जुन्या गिऱ्हाइकाकडे पाहून माहीत होतं.

अप्पांनी त्याच दिवशी एक दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, तापमान, क्षारता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, शेरा. ती वही आजही टाकीशेजारी खुंटीला टांगलेली आहे.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझा निम्म्याहून जास्त वेळ आणि बराचसा पैसा तिथेच गेला.

आम्हाला खायचे मासे विकणाऱ्या मावशी चेंदणी कोळीवाड्यातून येतात. ठाण्याला खाडी आहे, मग तेच पाणी गाळून वापरलं तर, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी मान हलवली. पावसात खाडीचं पाणी गोडं होत जातं, उन्हाळ्यात पुन्हा खारं, त्यात गाळ. हा मासा ते सोसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अगदी बरोबर. खाडीचे मासे भरती-ओहोटीबरोबर बदलत्या खारेपणात जगतात. प्रवाळाच्या आसपास राहणाऱ्या माशांना वर्षभर जवळपास एकसारखं पाणी लागतं, एक लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. घरातलं मीठही चालत नाही. मिठागरात मीठ जमतं तेव्हा मॅग्नेशियमचे कडू क्षार उरलेल्या पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिलं जातं. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट हे सगळं त्या त्या प्रमाणात हवं, म्हणून मत्स्यालयासाठी तयार केलेलं मीठच आणावं लागतं. आमच्या १८० लिटरला साधारण सात किलो लागलं.

ते मीठ विरघळवायला पाणीही साधं चालत नाही. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ७० ते ८० येतो, म्हणजे प्यायला छान. पण उन्हाळ्यात टँकर आला की तोच आकडा चारशेच्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मोजलं तर ३५. आरओ असून एवढा कसा, म्हणून शोध घेतला. चवीसाठी त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळणारा व्हॉल्व असतो. शेवटी वेगळी मेंब्रेन आणि पुढे उरलेसुरले क्षार काढणारी डीआयची नळी असं युनिट बाल्कनीत बसवलं, तेव्हा मीटरवर शून्य दिसलं. पहिल्यांदा टाकी भरायला दोन दिवस लागले. युनिटमधून वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून आम्ही लादी पुसायला आणि गच्चीवरच्या कुंड्यांना वापरतो.

पहिली चूक माझ्याकडून इथेच झाली. टाकीतलं पाणी रोज दोन-तीन लिटर उडून जातं. पातळी खाली गेली की मी तयार करून ठेवलेलं खारं पाणीच वर ओतत होते. आठ दिवसांनी क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये घनता १.०२९ दिसली; हवी होती १.०२६. पाण्याची वाफ होते, मीठ तिथेच राहतं, हे मी शाळेत शिकले होते आणि तरीही हातून झालं. वर घालायचं ते फक्त शून्य टीडीएसचं गोडं पाणी. तेव्हा टाकीत एकही जीव नव्हता म्हणून निभावलं. अप्पांनी काचेवर १.०२६ च्या पातळीला बारीक चिकटपट्टी लावली. पाणी त्या रेषेखाली गेलं की बाटली उघडायची.

दगडांपाशी मी सर्वात जास्त अडले. जुन्या सल्ल्यात सगळीकडे लाइव्ह रॉक असतो, म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र दगड. पहिल्या दुकानात तो थर्माकोलच्या खोक्यात होता. मी एक तुकडा उलटा करून पाहिला तर त्यावर चांदण्यांसारखी नक्षी स्पष्ट होती. तो प्रवाळाचा सांगाडा होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि २००१ पासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्री काकड्या, सगळे समुद्री घोडे त्याच्या संरक्षणात आहेत. समुद्रातून जिवंत काढा की मेलेला, फरक पडत नाही. हे बोलले तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, सगळेच घेतात." निघताना त्याने काउंटरमागून एक पिशवी काढली आणि समुद्री घोडा दाखवला. शेपटी प्लास्टिकला गुंडाळून तो उभा होता. लेक माझ्याबरोबर होती. तिने तो हातात घेतला नाही, नुसतं विचारलं, "काका, हा कुठून आणला?" उत्तर मिळालं नाही. घरी येईपर्यंत ती रिक्षात गप्प होती. मी त्या दुकानात पुन्हा गेले नाही.

आम्ही मग सिरॅमिकचे बनवलेले सच्छिद्र दगड आणि अ‍ॅरगोनाइटची वाळू घेतली. कोरडं, पांढरं, निर्जीव. जिवाणू आपणच वाढवायचे.

जिवाणूंची गोष्ट थोडक्यात अशी. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदलून कमी करता येतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ८.१ असतो आणि पीएच जितका वर, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून गोड्या पाण्यात जो निष्काळजीपणा खपून जातो, तो इथे खपत नाही. पूर्वी लोक स्वस्तातला एखादा डॅमसेल मासा सोडून त्याच्या अमोनियावर टाकी तयार करायचे. तो होरपळत जगला तर जगला. मला ते करायचं नव्हतं. मी बाटलीतले जिवाणू घातले आणि अमोनियम क्लोराइड मोजून पाण्यात अमोनिया २ पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांवर नेला.

आणि मग रोज संध्याकाळी बँकेतून आल्यावर परीक्षानळीत थेंब टाकायचे. हिरवा रंग म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे नाही. अप्पा ट्यूबलाइटखाली नळी धरायचे, लेक रंगपट्टीशी ताडून आकडा सांगायची. पहिले अकरा दिवस काही घडलं नाही. बाराव्या दिवशी हिरवा जरा फिका वाटला आणि आमच्यात वाद झाला, कारण अप्पांना तो फिका दिसत नव्हता. पंधराव्या दिवशी वाद उरला नाही. मग नायट्राइट चढलं, जांभळं होऊन बसलं ते उतरेचना. ३८ व्या दिवशी २ पीपीएम अमोनिया घालून २४ तासांनी पाहिलं तर अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही. अप्पांनी शेऱ्यात लिहिलं, "आता जीव आहे."

मला त्या तीन शब्दांनी फार बरं वाटलं होतं.

निम्म्याहून जास्त पाणी बदललं, सेरिथ जातीच्या सहा छोट्या गोगलगाई आणल्या. त्या समुद्रातूनच वेचलेल्या असणार, आणि याचं माझं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही. गणपतीच्या आठवड्यात सगळी वाळू आणि दगड तपकिरी थराने झाकले गेले. डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत येतात आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की जातात. पाहुण्यांना मात्र वाटलं टाकी बिघडली. त्या वर्षी बाप्पा हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी बसवले, कारण धूप-कापराचा धूर एअर पंप आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवेबरोबर पाण्यात ओढतात. डासांच्या कॉइल आणि स्प्रे घरातून हद्दपार झाले. त्यातली औषधं माशांना आणि कोळंबीला अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. सोसायटीत धूर मारायला माणूस यायचा असेल तर वॉचमन आता आधी आम्हाला फोन करतो. आम्ही खिडक्या लावून अर्धा तास एअर पंप बंद ठेवतो.

पहिला मासा कोणता, हे लेकीच्या मते ठरलेलं होतं: निळा टँग. तो वाढून फूटभर होतो आणि त्याला पोहायला मोकळं अंतर लागतं, तीन फुटांच्या टाकीत त्याला आयुष्य काढायला लावणं मला पटत नव्हतं. मँडरिन इतका सुंदर की नजर हटत नाही, पण तो दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत राहतो. नव्या टाकीत ते नसतात आणि मासा आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू उपाशी मरतो. बंगाई कार्डिनलवर माझा जीव होता. त्यातला नर अंडी तोंडात सांभाळतो. पण तो मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांपुरताच आणि धोक्यात आलेला, आणि समोरचा मासा हॅचरीतला, म्हणजे समुद्रातून न पकडता अंड्यापासून वाढवलेला आहे असं कुणी खात्रीने सांगेना.

क्लाउनफिशचं तसं नाही. ते आपल्याकडेही हॅचरीत वाढवले जातात. मंडपमच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात त्यांच्या प्रजननाचं काम झालं आहे, आणि आमच्यापासून अर्ध्या तासावर, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी राहिली. लोक तिथे फ्लेमिंगो पाहायला बोटीत बसतात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो, आणि हॅचरीबद्दल मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

दुसरा दुकानदार भेटला तो नीट बोलणारा होता. क्लाउनफिश हॅचरीतले आहेत, हे त्याने बिलावर लिहून दिलं. मी तीन गोष्टी विचारल्या: दुकानाच्या पाण्याची क्षारता किती, किती दिवसांपासून इथे आहेत, आणि माझ्यासमोर खातात का. त्याने चिमूटभर दाणे टाकले आणि मी निवडलेले दोघेही वर धावले. हॅचरीतल्या माशांना दाण्याची सवय असते. क्षारता निघाली १.०२०. म्हणून घरी चाळीस लिटरची क्वारंटाइन टाकी आधीच १.०२० वर तयार केली आणि पुढच्या सहा दिवसांत हळूहळू वर नेली. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली, तापमान जुळलं, मासे जाळीने उचलून आत सोडले, पिशवीतलं पाणी टाकून दिलं. इतकंच. तासन्‌तास थेंबथेंब पाणी मिसळत बसायची पद्धत लांबून आलेल्या माशांना बाधू शकते. पिशवी उघडली की पाण्याचा पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो.

दोन पिल्लं मुद्दाम लहान-मोठी घेतली होती. क्लाउनफिश जन्मतः मादी नसतात; जोडीतला मोठा, वरचढ मासा मादी बनतो. महिन्याने दोघांना मोठ्या टाकीत सोडलं तेव्हा दिवाळी आठवड्यावर होती. धाकटा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरायचा. लेक घाबरली, मला हाक मारली, "आई, त्याला काहीतरी होतंय!" तो शरण आल्याची खूण देत होता. रात्री दोघं वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या, मागच्या कोपऱ्यात, काचेला अंग लावून झोपतात. क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतात तो अ‍ॅनिमोनी हा समुद्री जीव आम्ही आणला नाही, आणि हॅचरीतल्या माशांचं त्यावाचून अडत नाही.

ऑक्टोबरने दमवलं. पाणी ३०.५ अंशांवर गेलं. कडेला दोन छोटे पंखे लावले, त्यांनी बाष्पीभवन वाढून दोन अंश उतरतात. पावसाळ्यात मात्र हवाच दमट असल्याने त्यांचा उपयोग कमी. दोनदा दुपारी वीज गेली. माशांचा जीव आधी ऑक्सिजनअभावी जातो, पाणी गढूळ व्हायला वेळ असतो. अप्पांनी डीसीवर चालणारा वेव्हमेकर बॅटरीला जोडून दिला, वीज गेली की तो आपोआप बॅटरीवर जातो. मे महिन्यासाठी चिलर लागणारच. त्यासाठी पैसे बाजूला काढणं सुरू आहे.

आता फायरफिशबद्दल.

नोव्हेंबरात मी तिसऱ्याच एका दुकानात गेले आणि तिथे तो होता. पुढचा भाग मोतिया, मागे लालबुंद होत गेलेला, पाठीवर उंच उभा तुरा. "फार्मचा आहे?" मी विचारलं. "हो, फार्मचाच." बिलावर लिहून मागितलं तर विषय बदलला. मला कळलं होतं. तरी घेतला. क्वारंटाइनमध्ये सहाव्या दिवशी अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. क्रिप्टोकॅरिऑन, समुद्री इच. हे परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतात, मग गळून तळाशी जातात, तिथे त्यांची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत पुन्हा मासा शोधतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं. तांब्याचं औषध फक्त त्या पोहणाऱ्या अवस्थेवर लागू पडतं, म्हणून रोज चाचणी करत ३० दिवस तांब्याची पातळी धरून ठेवली. मोठ्या टाकीत हे औषध घालता आलं नसतं, गोगलगाई मेल्या असत्या. तिथे रोग शिरला असता तर टाकी अडीच महिने माशांवाचून ठेवावी लागली असती. तो बरा झाला. हाताजवळ येऊन खायला लागला. संक्रांतीच्या सुमारास मोठ्या टाकीत गेला.

तिसऱ्या रात्री त्याने उडी मारली. फायरफिश घाबरला की उडतो, हे मी वाचलं होतं, वर काचेचं झाकणही होतं. पाइप आत जातो तिथे दोन इंचांची फट राहिली होती. सकाळी अप्पांना तो स्टँडमागे सापडला, तुरा फरशीला चिकटून वाळलेला. त्यांनी मला उठवलं नाही. त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं आणि मग चहा करून हाक मारली.

मी त्या दिवशी बँकेत नीट काम करू शकले नाही. महिनाभर औषध देऊन वाचवलेला मासा दोन इंचांच्या फटीतून गेला, आणि मुळात तो कुठल्या तरी प्रवाळावरून पकडून आणलेला होता, हे माहीत असून मी पैसे मोजले होते. मी पैसे मोजले म्हणून त्याच्या जागी दुसरा पकडला जाणार होता.

संध्याकाळी घरी आले तेव्हा टाकीवर काठोकाठ बारीक जाळी बसली होती. पाइपभोवती अप्पांनी जाळी कापून केबल टायने आवळली होती. आणि वहीत शेऱ्यापुढे पट्टीने नवा रकाना आखला होता: "कुठून". मागे जाऊन त्यांनी जुन्या नोंदींपुढेही तो भरला होता. दगड, कारखाना. क्लाउनफिश, हॅचरी, बिल जोडले आहे. गोगलगाई, समुद्र. फायरफिशपुढे नुसती रेघ.

टाकीत अजूनही दोनच मासे आहेत. रविवारी वीस लिटर पाणी बदलते, लेक काच पुसते. तपकिरी थर केव्हाच गेला, मागच्या दगडावर जांभळट शेवाळाचे टणक ठिपके धरू लागले आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तिथल्या बायका शोभेची कोळंबी वाढवतात असं मी वाचलं. क्लाउनफिश ज्याच्याकडून घेतले, त्या दुकानदाराला विचारून ठेवलं आहे. "चौकशी करून सांगतो, ताई," म्हणालाय. त्याला दोन आठवडे झाले. क्वारंटाइनची टाकी धुऊन भरली आहे; तांब्याचा अंश राहिलेला कोळंबीला चालणार नाही, म्हणून स्पंज आणि पाइपचे तुकडे सगळे नवे घातलेत.